दोन हेडफोनमधली आई

धाकट्या बहिणीला भारी हेडफोन घ्यायचा होता, म्हणून आम्ही दोघी दुकानात गेलो. ऐकून पाहायला तिने मोबाइलमधलं आईचं गाणं लावलं. आईला जाऊन वर्ष झालंय. ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती, तेव्हा बहिणीने ते टिपलं होतं.

पहिल्या हेडफोनमध्ये आईचा आवाज मऊ, भरदार लागला. दुसरा त्याहून महाग. त्यात प्रत्येक शब्द लख्ख, पण दोन ओळींच्या मध्ये तिला लागलेली धापही ऐकू आली. मी तो पटकन काढला.

"हाच घेते," बहीण म्हणाली. "आई अशीच गायची."

"छे! तिला कुठे धाप लागायची?"

"ताई, शेवटी शेवटी लागायची गं. तू सासरी होतीस."

मी पहिला पुन्हा लावला, मग दुसरा, परत पहिला. खरा आवाज कुठला आणि मला आवडणारा कुठला, हे काही केल्या वेगळं होईना. बहिणीच्या कानांना ओळखीची वाटणारी आई मला परकी वाटत होती.

तिने दुसराच घेतला. दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता मी हात पुढे केला. म्हटलं, "जरा दे गं इकडे. मी ते पूर्ण ऐकलंच नाही."