गावच्या तळ्यातली नवी नोंद

नदीत, तळ्यात बाहेरच्या देशातला मासा दिसला तर फोटो आणि ठिकाण कळवा, असं मी गावोगाव विनवत फिरतो. बेळगुंदी गावचे अण्णा त्यात सगळ्यांत उत्साही. फोनवर नमस्कार नाही, काही नाही, थेट "लिवून घ्या सर!" फोटो मात्र दरवेळी कढईतला. तिखट-मीठ लावलेला मासा देशी की परदेशी, हे मी काय कपाळ ओळखणार?

"अण्णा, आधी फोटो, मग फोडणी!"

"व्हय व्हय," म्हणायचे, आणि पुन्हा कढई.

परवा सोमवारी मात्र मी खुर्चीतून उठलोच. फोटोत बादलीत जिवंत चिलापी, देशी माशांची अंडी फस्त करणारी परदेशी मासळी, आणि तीही एक नाही, दोन. शेजारी मोजपट्टी, खाली नदीचं ठिकाण. मी लगेच फोन लावला.

"झकास अण्णा! मासे कुठायत?"

"तुमच्यासाठीच गळ घेऊन गेलतो सर. पण आज सोमवार, आमी खात न्हाय. जीव कशाला मारायचा? गावच्या तळ्यात सोडलं."

परत पाण्यात सोडू नका, हे सांगायचं मला कधी सुचलंच नव्हतं. अण्णांच्या हातून मासा आजवर सुटला होता कुठं?

"आता लिवून घ्या," अण्णा म्हणाले, "आमच्या तळ्यातबी हायत."