भाऊजींची खिडकी

दार ठोठावल्याशिवाय कुठेही न शिरणारा माणूस साऱ्या वाशीम जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या ताईचा नवरा होता. भाऊजी इंझोरी गावी स्वतःच्या घरात येतानाही कडी वाजवत. गोठ्यात जाण्याआधी खाकरत. "म्हशीले कायची लाज जी? बेधडक जा ना!" ताई ओरडायची. "तिचं घर हाय ते," भाऊजी शांतपणे म्हणत.

हा स्वभाव त्यांच्या धंद्यातही उतरला होता. विहिरीवरच्या मोटारी चालवणारे छोटे संगणक ते तयार करत. अशा संगणकाच्या चिपमध्ये रजिस्टर नावाचे कप्पे असतात; एकात नेमका आकडा लिहिला की मोटर सुरू, दुसऱ्यात लिहिला की बंद. साध्या प्रोग्रामला तिथे थेट हात घालता येत नाही, मधे राखण असते. घाईतले लोक ती राखण उठवून सगळी मेमरी, म्हणजे झाडून सारे कप्पेच, मोकळी करतात. भाऊजींना ते चोरीसारखे वाटे. ते राखणीच्या आत ड्रायव्हर नावाचा आपला एक छोटा प्रोग्राम बसवत. बाहेरच्या प्रोग्रामने त्याला विचारायचे, आणि ठरलेल्या कप्प्यापुरतेच त्याने ऐकायचे. भाऊजी त्याला खिडकी म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात ते वाशीमला दवाखान्यात होते आणि इकडे विहिरीचे पाणी खाली गेले. मोटर कोरडी चालली असती तर जळाली असती. बंद ठेवली असती तर ताईची संत्र्याची कोवळी झाडे वाळली असती. पुरेसे पाणी असेल तेव्हाच मोटर आपोआप चालावी म्हणून पाण्याची पातळी सांगणारा नवा सेन्सर मी जोडला, पण त्याच्या कप्प्याला खिडकी नव्हती. मी लॅपटॉप घेऊन मोटारीच्या खोलीत बसलो आणि फोन केला.

"भाऊजी, सगळी मेमरी उघडतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"नाई राजा. एका खोलीसाठी अख्खं घर कायले उघडतं? खिडकी कर. मी सांगतो, तू लिही."

हाताला सलाईन लावलेल्या त्या माणसाने सगळी दुपार मला एकेक ओळ सांगितली. मधे नर्स रागावली, तर तिलाही म्हणाले, "बाई, दोन ओळी राह्यल्या." शेवटी मी प्रोग्राम चालवला. पडद्यावर उत्तर आले : परवानगी नाही. कप्प्याच्या पत्त्यातला एक आकडा मी चुकवला होता, आणि तो पत्ता मोटारीच्याच एका कप्प्याचा होता.

भाऊजी खोकला येईस्तोवर हसले. "पाह्यलं? मोकळं असतं तर मोटर गेली असती, बापू."

आकडा सुधारला. संध्याकाळी झाडांना पाणी मिळाले. भाऊजी मात्र घरी परतले नाहीत.

संत्र्याची झाडे आता माझ्या कमरेएवढी झाली आहेत. परवा मी मोटारीच्या खोलीपाशी गेलो आणि नकळत दारावर टकटक केली. मागून ताई म्हणाली, "कोणाले विचारून राह्यला रे? आत कोणी नाई."

तेवढ्यात आत मोटारीचा आपोआप चालणारा स्विच, रिले, टक् करून वाजला आणि मोटर सुरू झाली. आम्ही दोघे दाराबाहेरच उभे राहिलो.