हवाबंद शोकेस आणि भाऊकाकांचे शंख

माझ्या काकांचा शंखांचा संग्रह मी खराब केला.

भाऊकाका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, परवा सकाळी गेले. वय एकोणऐंशी. हार्ट.

फोटो टाकत नाहीये. त्यांना स्वतःचे फोटो आवडत नसत.

इंदूरच्या एका शाळेत ते जन्मभर बायॉलॉजी शिकवत होते. इथून समुद्र लांब. तरी दर दिवाळीच्या सुट्टीत काकूला घेऊन कोकणात, नाहीतर गुजरातच्या किनाऱ्यावर जायचे आणि पिशवीभर शंख-शिंपले आणायचे. फक्त रिकामे. आत जीव असेल तर तिथेच परत.

काकू चिडवायची, "लोक फिरायला जातात, हे वाकायला जातात."

मी सातवीत असताना त्यांनी माझ्या हातात काट्याकाट्यांचा एक शंख ठेवला.

"दाब."

"टोचतंय!"

"बस. खेकड्यालापण टोचतं. त्याच्या नांगीत हा मावत नाही. आणि काट्यांमुळे चिखलात बुडतही नाही."

मग कवडी. वरून गुळगुळीत, खाली दातेरी फट. "पकडायला जागा नाही, आत घुसायला जागा नाही. बिचारा खेकडा करेल काय?"

मग खडकाला चिकटून राहणारा, टोपीसारखा बसका शंख. लाट त्याच्यावरून निघून जाते.

मग नाल्यानाल्यांचा शिंपला. "पन्हाळी पत्रा सहज का वाकत नाही? तेच हे. कमी मटेरियल, जास्त ताकद."

मी इंजिनियर का झाले, याचं उत्तर इंटरव्ह्यूमध्ये काहीतरी वेगळं देते. खरं कारण हे आहे.

सगळे शंख बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, कापसात असायचे. मला ते बरं दिसत नसे.

पहिला पगार झाला तेव्हा मी काकांसाठी शोकेस करून घेतलं. ड्रॉइंग माझं. आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, समोर काच, दाराला चारही बाजूंनी रबर. धूळ आत जाता कामा नये.

सुतार म्हणाला, "दीदी, थोडी हवा तो आने दो."

"नहीं भिया, एकदम टाइट चाहिए."

दुसऱ्या वर्षी कवड्यांची चमक गेली. नंतर शंखांवर पांढरी पूड दिसायला लागली.

"काका, हे काय?"

"म्हातारे झाले ग. माझ्याकडे बघ ना."

मी हसले.

शंख असे म्हातारे होत नाहीत, हे मला माहीत होतं. कॅल्शियम कार्बोनेटची उगीच पूड होत नाही. मी मटेरियल टेस्टिंगमध्ये काम करते.

तरी पुढे विचारलं नाही.

काल भेटायला येणाऱ्यांसाठी हॉलमध्ये जागा करायची होती. शोकेस रिकामं करायला दार उघडलं आणि सिरक्यासारखा आंबट वास आला.

तेव्हा कळलं.

अशा बोर्डातून आम्लाची वाफ सुटते. उघड्या कपाटातून ती निघून जाते. मी तिला वाटच ठेवली नव्हती. चार वर्षं ती शंख खात होती.

काटे, दाते, नाल्या, सगळी तयारी खेकड्यांसाठी आणि लाटांसाठी. या हवेपुढे कुठलाच आकार कामाचा नव्हता.

काकूला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना मालूम होतं ग."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. कुठेतरी वाचलं त्यांनी. मी म्हटलं, काढा ना मग सगळे, डब्यात ठेवा. तर म्हणे, पोरगी घरात आली की पहिले तिकडेच बघते. राहू दे."

मला हे आवडलेलं नाही. स्पष्टच लिहिते.

सांगितलं असतं तर मला दोन दिवस वाईट वाटलं असतं आणि बरेचसे शंख वाचले असते. हे काकांना कळत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी उलटं ठरवलं. दोन वर्षं रोज त्या काचेतून बघत राहिले.

चुलतभाऊ म्हणाला, "अस्थींबरोबर नर्मदेत सोडून देऊ."

मी नाही म्हणाले.

आज दिवसभर एकेक शंख साध्या पाण्याने धुतला, वाळवला. एकशे बारापैकी तेवीस धड आहेत. ते काकूकडे राहतील. बाकीचे मी नेतेय. कुणी विचारलं तर काय झालं ते सांगेन.

भाऊकाका, तुम्ही सांगायला हवं होतं.

मी विचारायला हवं होतं.

आता दोन्ही राहिलं.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.