गेली!

ग्लिसरिनची बाटली दिसली की अमरावतीची ती प्रयोगशाळा आठवते. जन्मतः अर्धंच हृदय असलेल्या मुलांसाठी तिथे रक्त ढकलणारा छोटा पंप तपासत होते. रक्ताऐवजी त्यात ग्लिसरिन मिसळलेलं लाल पाणी फिरत होतं. मी बातमीसाठी गेलो होतो. मोर्शीचा एक संत्रा बागायतदार, तोच आजार असलेल्या आपल्या शाळकरी मुलीला घेऊन पंप पाहायला आला होता. ते लाल पाणी बघवेना म्हणून मुलीची आई बाहेर व्हरांड्यात बसली होती. “लाइन गेली त हा बंद पडन ना?” बापाने विचारलं. “बॅटरी आहे,” इंजिनीअर बाई म्हणाल्या. “बॅटरी त आमच्या टॉर्चमंदीबी हाय, ऐन वक्तावर मरते.” तेवढ्यात पंखे थांबले आणि त्याने सवयीने आरोळी ठोकली, “गेली!” आई हंबरडा फोडत आत धावली. स्टुलावरची मुलगी वैतागली, “मी नाही गेली वं माय, लाइन गेली!” हसणं ओसरल्यावर पंपाची बारीक घरघर ऐकू आली. बाप कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. पंपाच्या चाचण्या अजून सुरूच आहेत. मुलगी आता अकोल्यात कॉलेजला आहे आणि लाइन गेली की आधी आईला फोन करते.