आवाज कुठं अडला ते बघणारे वसंतकाका

वसंतकाकांची नि माझी पहिली गाठ त्यांच्या शिळफाट्याच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात पडली. काखेत माझी लेक आर्या होती, आणि रिक्षात चादरीत गुंडाळलेला सासऱ्यांचा जुना सिंथेसायझर, आमी त्याला सिंथच म्हणतो. सासरे आता नायत. लग्नाच्या हळदीला वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत ते हा सिंथ वाजवायचे, आता माझा नवरा निलेश वाजवतो. नव्या कीबोर्डसारखे तयार आवाज त्यात नसतात. बटणं फिरवून, दांड्या सरकवून आवाज आपण बनवायचा. हा सिंथ अचानक मुका झाला होता. निलेशची कंपनीत पाळी होती म्हणून मी घेऊन गेले.

मी घाबरलेली होते, पण सिंथपायी नाय. आर्या आठ-नऊ महिन्यांची झाली होती, तरी मागनं हाक मारली की वळत नव्हती. घरात कुणी नसलं की मी मुद्दाम ताट पाडून बघायची. हे मी निलेशलाही सांगितलं नव्हतं. तोंडातनं काढलं की खरंच होईल, असं वाटायचं.

काकांनी चादर काढली नि सासऱ्यांचं नाव घेतलं. सिंथ बघून माणूस ओळखला. मला बसायला स्टूल दिलं नि कामाला लागले.

काकांच्या कामाची एक रीत हाय, ती काकांच्या पंचाहत्तरीला हे वाचणाऱ्या तुमा सगळ्यांनाच ठाऊक हाय. ते सगळं उचकटत बसत नायत. छोट्या स्पीकरची तार घेऊन आत एकेका ठिकाणी लावत जातात. मला म्हणाले, "ह्यात आवाज आधी तयार होतो, मग चाळणीतनं जातो, मग लहानमोठा होऊन भाईर पडतो. कुठवर येतो ते बघायचं. जिथं थांबला तिथं दुखणं."

आवाज तयार होत होता. चाळणीतनंही येत होता. लहानमोठा करायच्या दांडीपाशी मात्र गप्प. ती दांडी खोलली तर आत लालभडक. दर दसऱ्याला माझ्या सासूबाई सिंथची पूजा करतात. हळद, कुंकू, अक्षता, वर दिव्याचं तेल. इतक्या वर्षांचं कुंकू तेलात कालवून तिथं थिजलं होतं. एका पट्टीखाली अक्षतेचा दाणाही निघाला. मला लाज वाटली. काका म्हणाले, "मान दिलाय गं, तो जरा आत गेला एवढंच." नि ब्रश घेऊन साफ करत बसले.

मग त्यांनी सिंथ चालू केला. असा जाड आवाज आला की मी दचकले, समोरचा चहावाला वाकून बघायला लागला. टेबलावर बसवलेली आर्या खुदकन हसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ऐकलं, पोरीनं ऐकलं.

काका मात्र तिच्याकडंच बघत होते. म्हणाले, "टेबल हललं म्हणून हसली का आवाज ऐकून, ते येगळं करून बघाया पायजे." मला तिला घेऊन दाराशी उभं राहायला सांगितलं. वरच्या पट्टीतला बारीक आवाज लावला. आर्या माझ्या गळ्यातले मणी चघळत राहिली. मधला लावला, तरी तेच. मग खालच्या पट्टीतला, एकदम जोरात. तेव्हा तिनं मणी सोडले नि हळूच मान वळवली.

"पोरी, तुला ठाऊक होतं ना?" काका म्हणाले. मी रडायलाच लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "मी डॉक्टर नाय. पण कायतरी पोचतंय. कुठं अडतंय ते बघणारी मानसं हायत. अडलं म्हणून भ्यायचं नाय, बघायचंच नाय म्हटलं तर भ्यायचं."

संध्याकाळी सिंथ टेंपोत घालून काका स्वतः काकूंना घेऊन घरी आले. मला जे बोलायला जमत नव्हतं ते त्यांनी निलेशला नि सासूबाईंना सांगितलं. सासूबाई लगेच माझ्यावर आल्या. म्हणाल्या, "गिरण लागलेलं असताना पोर पोटात घेऊन विळीवर बसली होतीस, तरी मी सांगत होते." काकांनी चहा संपवला नि म्हणाले, "वयनी, सिंथ तुमच्या कुंकवानं बंद पडला. तुमी मुद्दाम घातलंत का? कुनी केलं ते धरून बसलो असतो तर आज वाजला नसता." सासूबाईंनी उठून आर्याला मांडीवर घेतलं. पनवेलच्या दवाखान्यात त्या माझ्याबरोबर आल्या, नि पुढं सिंथला झाकण लावून सगळी पूजा त्या झाकणावर करायला लागल्या.

आज आर्या दोन्ही कानांना मशीन लावून बालवाडीत जाते. "आई" म्हणते, खोटं बोलते, भांडते. मी अजून घाबरते. ताप आला तरी, मशीनचा सेल उतरला तरी. पण आता घाबरून गप्प बसत नाय. दुपारी काकांच्या दुकानात कामाला जाते, दांड्या साफ करते, तुटल्या तारांना कथलाचा गरम डाग लावून जोडते. चटका बसला तर काका माझा हात आधी बघतात, काम मागनं.

एक गोष्ट मात्र काकांना न विचारता लिहिते. हल्ली वाद्य दुरुस्त झालं की ते मला म्हणतात, "मागनं बारीक सूं येतंय का बघ गं." आधी वाटायचं मला शिकवतायत. काकू म्हणतात, मी हाका मारते त्या तर ह्यांना लग्नापासून ऐकू येत नायत. परवा आर्या त्यांच्या मांडीवर चढली, कानात बोट घालून बघितलं नि विचारलं, "आजोबा, तुमचं मशीन कुठंय?" काका हसले नायत. हातातली तार खाली ठेवली. मग मला म्हणाले, "त्या पनवेलच्या डॉक्टरला फोन लाव."

तर काका, तुमच्या पंचाहत्तरीला माझं एवढंच मागणं. हातपाय असेच चालू देत, डोळा असाच बारीक राहू दे, आर्याच्या हळदीला सिंथ तुमीच लावून द्या. पनवेलला मी येते, तुमची फाईल मी धरते. मशीन निळं घ्यायचं, आर्यानं ठरवून ठेवलंय. तिच्यासारखंच.