पाहिलेलं आणि ऐकलेलं

पोलादपूरच्या वर डोंगरात असलेल्या त्या वाडीत एकवीस घरं, त्यातल्या चौदांना कुलपं. माणसं मुंबईला. नववीत शिकणारी सेजल एकटीच. वडील मुंबईत, आई दिवेलागणीपर्यंत रानात. शाळेतून आल्यावर तिला हाक मारायला शेजारची सोनाबाई तेवढी असायची.

इतिहासाच्या उज्ज्वलाबाईंनी प्रकल्प दिला होता. गावातली एक जुनी वास्तू निवडा, माहिती गोळा करा आणि प्रत्येक माहितीपुढे लिहा, सांगणाऱ्यानं ते पाहिलं की ऐकलं.

सेजलनं विहीर निवडली. विहिरीवर पाटी होती, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानं ती १९७४ साली बांधल्याची. पाटीवर नऊ नावं.

“मंडळानं नुसता कठडा बांधला,” सोनाबाई म्हणाली. “विहीर माझ्या सासऱ्यानं खणली गो. कोयनेच्या भूकंपात तिला तडा गेला, या डोळ्यांनी बघितला मी.”

सेजल वाकून बघून आली. आत एका बाजूचे दगड खरंच वेगळे होते, मागाहून बसवलेले. भूकंप १९६७चा. म्हणजे विहीर पाटीपेक्षा जुनी! दुसऱ्या दिवशी शाळेत ती ज्याच्या त्याच्यापुढे वही करत होती.

बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, “पाटीला प्रश्न विचारलास. आता आजींनाही विचार.”

घरी येऊन तिनं वही मागे चाळली. चौथ्या पानावर तिच्याच अक्षरात होतं: भूकंप झाला तेव्हा सोनाआजी माहेरी, तुडीलला. फळीवरची भांडी पडली. लग्न दोन वर्षांनी.

तिनं विचारलं. विचारू नये असं वाटत असताना विचारलं.

सोनाबाईच्या हातातलं सूप थांबलं. “म्हंजे मी खोटारडी? जा, पाटीवरचंच लिव.”

दोन दिवस हाक आली नाही. शाळेतून येताना सेजल चप्पल मुद्दाम वाजवत यायची. सोनाबाईचं दार लोटलेलंच. ‘पाहिलेलं’ लिहून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? एवढंच लिहायचं आणि वही तिला दाखवायची. तिनं पेन्सिल टेकवली, पण अक्षर उठेना.

तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन सोनाबाईच्या पायरीवर जाऊन बसली. आतून सोनाबाईचा आवाज आला.

“ऐकलेलंच हाय. नवरा मुंबईला गिरणीत. घरात माझ्याशी बोलायचा तो सासराच. रोज तीच विहीर, तोच तडा. ऐकून ऐकून बघितल्यावानी झालं.”

सेजलनं लिहिलं: ऐकलेलं, सासऱ्यांकडून. मग विचारलं, “त्यांचं नाव काय होतं, आजी?”

“सासऱ्याचं नाव घेत्यात का गो?”

“मग कुणाला विचारू?”

सोनाबाई दारात आली. तिनं समोरची कुलपं लावलेली घरं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. नाव माहीत असलेलं त्यात कुणी उरलं नव्हतं. तिनं पदर डोक्यावर ओढला.

“धोंडू,” ती हळूच म्हणाली. पन्नासावर वर्षांत पहिल्यांदाच. “लिवलंस? वाचून दाखव.”