रिठदची भट्टी आणि माझ्या पत्रकातली चौथी सूचना

१. पहिल्या दिवशी भट्टी पेटवली. राख दोन घमेली, कोळसा शून्य.
२. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवली. कोळसा दोन पोती.
३. दोन्ही दिवस माझ्या पत्रकातली चौथी सूचना कोणी पाळली नाही.

आता सविस्तर. आमच्या संस्थेकडे भट्टी एक आणि मागणारी गावं दोन, रिठद आणि केनवड. रिठदच्या बचत गटाला तुराट्यांचा कोळसा जमला तर भट्टी तिथेच राहणार, नाहीतर केनवडला जाणार. ठरणार माझ्या अहवालावरून. म्हणून गेले.

वाशिमहून रिसोडकडे जाणारी सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, खिडकीची हमी नाही. मार्चमध्ये दुपारी उघड्यावरचं काम ठेवू नका. मी ठेवलं होतं.

तूर काढल्यावर थोड्या तुराट्या चुलीला जातात, बाकीच्या बांधावर पेटवतात. त्याच तुराट्या शंकूच्या आकाराच्या भट्टीत, खालून हवा न लागू देता जाळल्या की कोळसा उरतो. तो खतात मुरवून शेतात घातला की धुरातून उडाला असता तो कार्बन मातीत राहतो. फक्त ज्योत मंदावताच भरपूर पाणी ओतायचं. हीच ती चौथी सूचना.

पहिल्या दिवशी मी "पाणी" म्हणाले. आठ बाया भरल्या बादल्या धरून उभ्या राहिल्या, हललं कोणी नाही. मी एक बादली उचलली, तर गटाच्या अध्यक्ष शोभाताईंनी ती काढून घेतली.

"इस्तवावर पाणी नाही टाकत आमी. चुलीतल्या नाही, भट्टीतल्याबी नाही."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तं कागद वाचून राह्यल्या होत्या."

वाद अर्धा-पाऊण तास चालला. तोवर कोळसा जळून गेला. भट्टी बनवणारे, इथल्याच वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावचे वेल्डर रशीदभाई म्हणाले, "मॅडम, राखच पायजे होती तं एवढं लोखंड कायले वाया घालवलं?"

शोभाताई हसल्या नाहीत. "भट्टी केनवडले जाईन का आता?"

"उद्या बघू," मी म्हणाले.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. पैसे किती, असं विचारू नका. मी विचारलं, आणि ठेचा दुप्पट वाढला गेला.

दुसऱ्या दिवशी बादल्यांत पातळ शेणकाला होता. चूल रोज सारवतात, मग भट्टी सारवायला हरकत कोणाची? आठ जणींनी कडेकडेने ओतला. तासाभराने थर्मामीटर घातला, आत धग नव्हती. हाताला लागलेलं काळं साध्या पाण्याने गेलं, म्हणजे कोळसा नीट भाजला होता.

"लिवा आता कागदावर," शोभाताई म्हणाल्या.

पुण्याला परत आले. कपड्यांचा वास दोन धुण्यांनी गेला. अहवालात रकाना एकच आहे : 'पाणी ओतून विझवली, होय किंवा नाही.' 'होय' लिहिणं खोटं. 'नाही' लिहिलं की भट्टी केनवडला. रकाना बदला असं मी म्हणणार आहे, पण एका खेपेवर कोणी ऐकणार नाही.

तुमच्यापैकी कोणी शेणकाल्याने भट्टी शमवली असेल, तर बादल्या किती लागल्या, कोळसा किती निघाला आणि दुसऱ्या दिवशी आत धग सापडली का, एवढं खाली लिहा. वासाबद्दल नको, तो मला माहीत आहे. अहवाल सोमवारी जातो. उत्तर रविवारी संध्याकाळपर्यंत द्या.